बेचक्यातलं पांढरं

१३ जानेवारी

पोचले. निघताना आईनं परवाच्या येळवशीचे, वेळा अमावस्येचे, बाजरीचे उंडे डब्यात बांधून दिले. आमच्या घरी येळवशीला पूजा होत नाही, पण रानात पंगत बसतेच. संतपूरहून बिदर, तिथं गाडी बदलून चिटगुप्पा. रिक्षावाल्याला जगदेवी अक्कांचं काचेचं घर असं म्हटलं, तर त्यानं पुढचं काही विचारलंच नाही.

घर गावाबाहेर आहे, तुरी काढून मोकळ्या झालेल्या रानांच्या मधोमध. भोवती उंच भिंत. फाटकातून आत शिरलं की डाव्या हाताला पत्र्याची शेड, उजव्या हाताला घर, आणि घराला उत्तरेच्या बाजूनं चिकटून ती काचेची खोली. मी बॅग पायरीवर टाकली आणि आधी तिकडेच गेले. बाहेर काळी रानं, तुराट्यांचे ढीग, धूळ. आत फॅलेनोप्सिस ऑर्किडच्या पांढऱ्या आणि जांभळ्या फुलांच्या रांगा, वर टांगलेले व्हँडा, त्यांची जाड राखाडी मुळं हवेत लोंबलेली. खाली ताटांत ओले खडे, कोपऱ्यात वाळ्याचे पडदे लावलेला कूलर. बिदरला बागायतीचा कोर्स केला, मग उदगीरच्या नर्सरीत होते. पण तिथं ऑर्किड म्हणजे लग्नाच्या स्टेजसाठी आलेली कापलेली फुलं. एवढी जिवंत झाडं एका जागी मी आजच पाहिली.

अक्का साठीच्या आहेत, पण काठीसारख्या ताठ. शाळेत खेळाच्या बाई होत्या. माझी बॅग एका हातानं उचलून जिन्यानं वर घेऊन गेल्या, मी नको नको म्हणत मागे. झाडं सांभाळायला त्यांना म्हणे नुसतं पाणी घालणारं माणूस नको होतं, झाडाच्या पोटात शिरून बघणारं हवं होतं.

जेवायला सगळ्यांबरोबरच बसवलं. गाव विचारलं, आडनाव विचारलं. मी सांगितलं. अक्का जरा थांबल्या आणि मग माझ्या ताटात आणखी एक भाकरी वाढली. माझ्या खोलीच्या खिडकीतून खाली काचेचं छप्पर दिसतं. आईला फोन करून सांगितलं, घर चांगलं मिळालं.

१७ जानेवारी

इथला दिवस मला आवडायला लागला आहे. सकाळचं तिरपं ऊन काचेवर आलं की पाणी द्यायचं, म्हणजे दुपारपर्यंत पानं कोरडी होतात. फॅलेनोप्सिसच्या मध्यात पाणी साचू द्यायचं नाही, साचलं तर कापसानं टिपून घ्यायचं. दुपारी पानं ओल्या फडक्यानं पुसायची, वरून आणि खालून. अक्का माझ्या शेजारी उभ्या राहून सगळं बघतात आणि एकदा सांगितलेलं कधी विसरत नाहीत. अशी विद्यार्थीण मास्तरांनाही मिळत नसेल.

अक्कांचे यजमान सिद्धराम अप्पा. मागच्या वर्षी त्यांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. बोलणं तुटक, एखाददुसरा शब्द. सकाळी त्यांची चाकाची खुर्ची काचेच्या खोलीत आणून ठेवतो. ऊन अंगावर घेत ते फुलांकडे बघत राहतात. मी पाणी घालत पुढे सरकले की डावा हात उचलून मला रामराम केल्यासारखं करतात. मी जयभीम म्हणते. ते हसतात, अर्ध्या तोंडानं.

स्वयंपाकाला गुरुबाई मावशी येतात. त्या ऑर्किडना हसतात. म्हणाल्या, "माती न्हाई, शेणखत न्हाई, नुसत्या वाऱ्यावर जगायलंय. आमच्यासारखंच की."

आज चहाच्या वेळी अक्कांनी लहानपणच्या गोष्टी सांगितल्या. त्यांच्या वडलांची मेंढरं होती. खजुरीकडच्या रानात चार-चार महिने मेंढरांचा वाडा, म्हणजे तळ, पडायचा. लोकर कातरायला गडी कमी पडले की अक्कांना बसवायचे. ती मोठी कातर त्यांनी अजून तेल लावून ठेवली आहे, आतून आणून दाखवली. मेंढराची मान गुडघ्याखाली कशी धरायची ते उशी खाली टाकून करून दाखवलं. म्हणाल्या, "मेंढराला लई तडफडू द्यायचं न्हाई. सुटका न्हाई हे त्याला कळलं की गप पडतंय." आम्ही सगळे हसलो. उशी अगदी मेंढरासारखी दिसत होती.

२३ जानेवारी

आज बंगळूरहून नवीन झाडांचं मोठं खोकं आलं. अक्का सकाळपासून फाटकापाशी उभ्या होत्या. आत मोठ्या पांढऱ्या फुलांचे फॅलेनोप्सिस, मध्यभाग पिवळा, दांडे हातभर लांब. खरंच सुंदर.

मी म्हणाले, नवीन झाडं महिनाभर शेडमध्ये वेगळी ठेवू, मग आत नेऊ. कुठल्या नर्सरीत काय असतं सांगता येत नाही. अक्कांना ते पटलं नाही. "पाव्हण्याला दाराभायर ठेवत्यात व्हय?" म्हणाल्या आणि स्वतःच्या हातानं एकेक कुंडी आत नेऊन जुन्या झाडांच्या मधे मधे मांडली, पानाला पान लावून. मी रिकामं खोकं बाहेर नेऊन ठेवलं. नवी माणसं नव्या घरात गप्पच बसतात.

अप्पांना नवीन फुलं फार आवडली. डाव्या हाताचं बोट एका पाकळीला लावून बघत होते.

४ फेब्रुवारी

पिठ्या सापडला.

पानं पुसताना एका फॅलेनोप्सिसच्या पानाच्या बेचक्यात पांढरा कापूस दिसला. आधी वाटलं पाणी टिपतानाचा राहिला असेल. काडीनं ओढला तर त्याला पाय होते. पिठ्या ढेकूण. अंगावर पीठ भुरभुरल्यासारखी मऊ कीड, झाडाला सोंड लावून रस ओढत बसलेली. शेजारच्या झाडांची पानं उलटून बघितली. खाली, देठाशी, फुलाच्या मागच्या बाजूला, सगळीकडे. पानांवर चिकट ओल.

अक्कांना सांगितलं तेव्हा त्या खुर्चीवर बसल्या आणि रडल्या. मग डोळे पुसून, काय करायचं ते सांग म्हणाल्या. मी सांगितलं. लागण झालेलं झाड वेगळं काढायचं. कापसाच्या काडीला स्पिरिट लावून एकेक टिपायचा. वाळलेली आवरणं सोलून काढायची, तिथं लपतात. कुंडीत मातीऐवजी भरलेली साल टाकून द्यायची, मुळं धुवायची. आणि आठवड्यानं पुन्हा सगळं पहिल्यापासून, कारण त्या कापसात अंडी असतात.

दिवसभर आम्ही दोघी बसून होतो. स्पिरिट लागलं की पीठ विरघळतं आणि खालची उघडी कीड दिसते, पिवळट गुलाबी, उंदराच्या नवजात पिल्लासारखी. अक्कांनी त्यातली एक बोटानं चिरडली. नारिंगी ओल उमटली. ते बोट त्यांनी उजेडात धरून बराच वेळ बघितलं. मग म्हणाल्या, "एकबी ठेवायचा न्हाई."

काय केलं त्याची रोज नोंद ठेव असंही म्हणाल्या. मी म्हटलं माझी रोजनिशी आहेच, तीत लिहीन.

८ फेब्रुवारी

काल काचेच्या खोलीच्या पायाशी मुंग्यांची रांग होती. मुंग्यांना पिठ्याची गोड ओल लागते, त्यासाठी त्या त्याला उचलून एका झाडावरून दुसऱ्यावर नेऊन बसवतात. हे मी अक्कांना समजावून सांगितलं. त्यांनी गुरुबाई मावशींना पाणी उकळायला लावलं आणि वारुळात पातेलंच्या पातेलं ओतलं. मग खुरप्यानं वारूळ उकरलं, खालचं पांढरं अंड्यांचं पोळं वर काढलं आणि त्यावरही ओतलं. वाफ त्यांच्या तोंडावर येत होती. मी आता पुरे म्हणाले ते त्यांना ऐकूच गेलं नाही. संध्याकाळी तिथं नुसता काळा चिखल होता आणि अक्का खुशीत होत्या.

पण आज धुतलेल्या झाडांवर पुन्हा पिल्लं निघाली. डोळ्यांना जेमतेम दिसणारी, चालणारी. अक्कांनी विचारलं, मुंग्या न्हाईत मग आता कोण नेतंय. मी म्हणाले, हातानं जातं, कपड्यानं जातं, कात्रीनं जातं.

हे बोलायला नको होतं असं आता वाटतंय. दुपारपासून प्रत्येक दारात स्पिरिटचं घमेलं ठेवलं आहे. आत जाताना, बाहेर येताना हात बुडवायचे. माझ्यासाठी वेगळा गाऊन, वेगळा साबण. आणि संध्याकाळी जेवायला बसले तर माझं ताट पंगतीत नव्हतं, जिन्याच्या पायरीवर होतं. पेलाही निराळा. किडीमुळे, अक्का म्हणाल्या. आजोबांना वेगळा पेला कशामुळे मिळायचा ते मी घरी ऐकलेलं आहे. हे किडीमुळेच आहे, असं मी जेवताना स्वतःला सांगत होते.

१३ फेब्रुवारी

उन्हं तापायला लागली आहेत. गरम आणि कोरड्या हवेत पिठ्या वाढतो. आम्ही हरतोय.

काही झाडांचा मध्य सडला. मी अक्कांना कापायला शिकवलं. कलमाचा चाकू स्पिरिटमध्ये बुडवायचा, सडलेला भाग चांगल्या भागात थोडं आत जाऊन कापायचा, कापलेल्या जागेवर हळद दाबायची म्हणजे जखम सुकते. आणि जे झाड वाचणारच नाही ते जाळायचं, नाहीतर बाकीची जातात. अक्का प्रत्येक वाक्यावर मान हलवत होत्या. हात त्यांचा माझ्याहून स्थिर आहे.

दुपारी शेडसमोर जाळ केला. बंगळूरची पांढरी फुलं दांड्यासकट त्यात गेली. ओली झाडं जळताना शिट्टीसारखा आवाज येतो. अप्पा खुर्चीतून बघत होते, त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. धुरामुळे असेल. अक्का मात्र अप्पांकडे बघत होत्या. मग त्यांच्याजवळ गेल्या, त्यांचा कान दुमडून मागे काय आहे ते बघितलं.

माझीही तपासणी झाली. नखं, केस, बोटांच्या बेचक्या. भिंगातून. मी हसण्यावारी नेलं.

१७ फेब्रुवारी



सकाळी गुरुबाई मावशी भाकरी थापत होत्या. तवा गॅसवर. कोपरापर्यंत ज्वारीचं पीठ, रोजच असतं तसं. अक्का पाणी प्यायला आत आल्या आणि थांबल्या. मावशींच्या हाताकडे बघत राहिल्या. मी दारात होते. त्यांचा चेहरा बदलताना मला दिसला, पण काय होणार ते कळलं नाही.

त्यांनी दारातलं स्पिरिटचं घमेलं उचललं, मावशींचं मनगट धरलं आणि हात कोपरापर्यंत त्यात दाबला. मावशी म्हणाल्या, "अवं अक्का, पीठ हाय ते, पीठ." अक्का दुसऱ्या हातानं काथ्यानं घासत होत्या, कातडं लाल होईपर्यंत. मावशींनी हात हिसडला. घमेलं कलंडलं. गॅस चालू होता.

निळा जाळ. आवाजच झाला नाही. मावशींचा हात बोटांपासून खांद्यापर्यंत निळा पेटला, मग पदर पिवळा पेटला. मी सतरंजी टाकली, अंगावर पडले, दाबलं. सतरंजी काढली तेव्हा तिला कातडं चिकटून आलं. पाच बोटांचं, हातमोज्यासारखं.

अक्का खाली वाकून त्या कातड्यात बघत होत्या.

रिक्षा मी बोलावली. रिक्षावाल्यासमोर मावशी म्हणाल्या, पदर गॅसवर गेला. मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी मान खाली घातली. अक्कांनीच त्यांच्या पोरीला शाळेत प्रवेश मिळवून दिला होता, हे मावशी मला पहिल्याच आठवड्यात म्हणाल्या होत्या.

मला जायचं आहे. सामान बांधते.

१८ फेब्रुवारी

जाऊ शकले नाही. सकाळी बॅग घेऊन खाली आले तर अप्पांनी डाव्या हातानं माझी ओढणी धरली. बोलता येत नव्हतं. घट्ट धरून ठेवली नुसती. मी त्यांची बाही वर केली. दंडापासून काखेपर्यंत कातडं सोललेलं, ओलं, स्पिरिटचा वास.

त्यांच्या मुलाला, मल्लेशला, फोन लावला. तो दुबईला असतो. सगळं सांगितलं. तो शांतपणे म्हणाला, आईला स्वच्छता फार लागते, पहिल्यापासून तशीच आहे, तुम्ही जरा सांभाळून घ्या, उन्हाळ्यात मी येतोच आहे.

मग माझ्या भावाला लावणार होते. अक्का मागे उभ्या होत्या. माझ्या हातातून फोन घेतला, कव्हर काढलं, त्याच्या आत बोट फिरवून बघितलं आणि फोन स्पिरिटमध्ये सोडला. म्हणाल्या, कव्हरात अंडी हायत.

फाटकाला कुलूप आहे. किल्ल्या त्यांच्या कमरेला. मी भिंतीपाशी उभं राहून हाका मारल्या. रानात या दिवसांत कुणी नसतं.

२१ फेब्रुवारी

अप्पांना शेडमध्ये टाकलंय. खाटेवर. डोकं भादरलेलं, भुवया, छाती, सगळं. कातरीनं, त्या मोठ्या. जिथं कातर चावली तिथं तुकडे निघालेत.

अक्का मला समजावून सांगत होत्या, मी त्यांना सांगितलं होतं त्याच शब्दांत. लागण झालेलं वेगळं काढायचं. वाळलेली आवरणं सोलायची, तिथं लपतात. अप्पांच्या जांघेत, कानामागे पांढरी साय आहे, ती त्यांनी भिंगातून मला दाखवली. पडून राहणाऱ्या माणसाला घामानं होते तशी बुरशी आहे ती. मी म्हणाले. पुन्हा म्हणाले. त्या काडीला कापूस गुंडाळत होत्या.

अप्पा ओरडत नाहीत. घशातून हवा जाते फक्त.

भाऊ राजपाल फाटकावर आला होता. मला वर कोंडलं होतं. खिडकीतून त्याची मोटरसायकल दिसली. मी काच फोडली, हात कापला, ओरडले. कूलरचा आणि पाण्याच्या मोटारीचा आवाज — सगळं मुद्दाम चालू केलेलं. अक्कांनी त्याला चहा दिला, फाटकातच. नंतर मला म्हणाल्या, सांगितलं मी, बंगळूरला झाडं आणायला गेली, फोन बिघडलाय. लई चांगला पोरगा हाय तुझा भाऊ, म्हणाल्या.

२४ फेब्रुवारी

मध्य सडला, असं अक्का म्हणाली. अप्पांच्या उजव्या पायाचा अंगठा काळा पडला होता. मला पाय धरायला लावला. मी नाही म्हणाले. तिनं कातर माझ्या गालाला लावली.

चांगल्या भागात थोडं आत जाऊन. हाड आडवं आलं. तिनं चाकूवर गुडघा ठेवला.

हळद दाबली.

मी अप्पांचा पाय धरला होता. मी धरला होता. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि डावा हात उचलायला गेले, रोजच्यासारखा.

२५ फेब्रुवारी

मी सांगितलं. बंगळूरच्या खोक्यातून आलं. मी वेगळं ठेवा म्हणाले होते, तुम्हीच पानाला पान लावून मांडलं. माणसाला पिठ्या लागत नाही. कधीच नाही.

ती ऐकत होती. मग म्हणाली, "माझ्या झाडांत कीड नव्हती. तू आलीस आन् आली. तुमच्या लोकांच्या अंगातच असतंय ते. मी पहिल्या दिवशी जेवायला बसवलं, चुकलं माझं."

मी फाटकाकडे पळाले. कुंडीचं लोखंडी स्टँड पाठीत बसलं. मग डोक्यात. मी तिच्या हाताला चावले, तोंडात मांस आलं, ती हलली नाही. मान तिच्या गुडघ्याखाली. कातरीचा आवाज कानाच्या आत. केस तोंडात येत होते. कानाची पाळी गेली. डावी.

तडफडू नको, म्हणत होती. मायेनं.

२७ किंवा २८

शेड. अप्पांच्या खाटेला माझा पाय बांधलाय, तारेनं. वही तिनेच आणून दिली. नोंद ठेव म्हणते. उजव्या हाताला काही करणार नाही, लिहायला लागतो, म्हणते.

अप्पांना ताप. पायाला माशा. त्या जखमेत मी बघितलं तर —

तिनं माझ्या डाव्या हाताची बोटं स्पिरिटमध्ये बुडवून ठेवायला लावली. नखं काढलेली आहेत. दोन. पकडीनं. नखाखाली लपतात.

काही नव्हतं. तिला पण दाखवलं, काही नाही. ती म्हणाली, आत गेलंय.

तारीख माहीत नाही

सकाळ आहे. पत्र्याच्या भोकांतून ऊन.

ती चाकू घेऊन आली. आज माझी करंगळी, उद्या मनगट, असं म्हणाली. गुडघा मानेवर. माझं तोंड वर. तिच्या गळ्याच्या घडीत घाम आणि पावडर, पांढऱ्या रेघा. मी म्हणाले, अक्का, तुमच्या मानेवर आहे.

ती थांबली.

"कुठं?"

मागे, केसांच्या मुळाशी, तुम्हाला दिसायचं नाही, म्हणाले मी.

गुडघा निघाला. ती चिडली नाही. चेहरा पांढरा पडला. अंबाडा सोडून केस पुढे घेतले, माझ्याकडे पाठ करून मांडी घालून बसली. चाकू उलटा करून मागे दिला, मूठ माझ्याकडे. "तूच काढ. माझा हात पुरायचा न्हाई."

चाकू माझ्या हातात आहे. किल्ल्या तिच्या कमरेला, हातभर अंतरावर. आधी नोंद कर, मग काप, म्हणते. करतेय. मानेवर काही नाही. पावडर आहे.

अप्पा बघताहेत.

कापलं. ती हलली नाही. निघालं का म्हणते. नाही म्हणाले. मग खोल घाल, आन् लिही, लिहीत जा —

वहीवर तिचं रक्त आहे. माझं नाही.

पुन्हा कापलं. आडवं. तिचे खांदे खाली आले. किल्ल्या ओढून घेतल्या, तिला कळलं नाही. चाकूच्या टोकानं पायाची तार उकलली. अप्पा दाराकडे डोळे करतात. जा. जाते अप्पा, माणसं घेऊन येते, जाते —

तिच्या जखमेत पांढरं आहे.

पावडर एवढी आत जात नाही. चरबी असेल. माणसाच्या अंगात चरबी असतेच.

ती बसल्या जागी हळू बोलतेय. चालायलंय बघ, म्हणते. मानेतून वर चालायलंय. मला कळायलंय.

दार उघडं आहे. एकदाच बघते. एकदाच आणि —

चरबी हलत नाही. हे तर पाय —